आचवेपर्यंत

मनसाराम शेंड्याच्या तोंडात आता दीड बोट शिरत होतं, आणि डॉक्टरांच्या मते ही प्रगती होती. नागपूरच्या इस्पितळातून सोडताना एकच बोट शिरायचं. खालचा अर्धा जबडा काढला, एका बाजूचा गाल काढला, छातीचं कातडं उचलून त्या गालाच्या जागी लावलं, असं डॉक्टरांनी रंभाबाईला नीट समजावून सांगितलं होतं. तिनं मान डोलावली होती. घरी आल्यावर त्या नव्या गालावर छातीचे पांढरे केस उगवायला लागले. ते मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

करंजटोला हे गाव तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली वसलेलं, मासे धरणाऱ्या ढिवरांचं. गावातली माणसं भेटायला येत. ओसरीत उभी राहत, दारातून बाहेर वाकून सभ्यपणे तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पिचकारी टाकत आणि मग विचारत, "असं कसं झालं हो मनसारामभाऊले?" ज्या खर्ऱ्यामुळे ते असं झालं होतं, तो मनसारामच्या मुलाच्याच, प्रफुलच्याच, पानठेल्यावर घोटलेला असायचा. बापाच्या ऑपरेशननंतर प्रफुलनं खर्ऱ्याच्या पुड्या समोरून उचलून बिस्किटांच्या बरण्यांमागे ठेवल्या होत्या. गावानं हा बदल समजून घेतला. मागताना जरा वाकावं लागायचं, एवढंच.

अडचण वजनाची होती. जखम भरली की मनसारामला महिना-दीड महिना शेक द्यायचे होते. ते यंत्रातल्या किरणांचे शेक घेतले नाहीत तर रोग परत येतो. पण चाळीस किलोच्या खाली उतरलेल्या माणसाला शेक सोसत नाहीत. "काहीही करा, पण खाऊ घाला," डॉक्टर म्हणाले होते. "वजन भरलं नाही तर..." आणि ते पुढच्या खाटेकडे वळले होते. राहिलेलं वाक्य रंभाबाईनं एसटीत बसून स्वतःच पूर्ण केलं.

नाकातली नळी पुन्हा घालायचा प्रश्न नव्हता. वॉर्डात मनसारामनं ती एकदा स्वतःच्या हातानं काढून, कुणाची विसरलेली छत्री परत करावी तशी, सिस्टरच्या हातात दिली होती.

घरी आल्यापासून तो खात नव्हता. सबंध मासा तोंडात घालून काटे सुईसारखे एकेक बाहेर काढणारा माणूस. आता पेज दिली तर ती ओठाच्या कोपऱ्यातून परत यायची. दुपट्ट्यानं हनुवटी पुसून तो भिंतीकडे वळायचा. मरायचं आहे असं तो म्हणायचा नाही. "चव नाई," एवढंच म्हणायचा. तेही चेंदामेंदा होऊन बाहेर पडायचं आणि रंभाबाईशिवाय कुणाला कळायचं नाही. तिला मात्र शब्दही कळत होते आणि त्यांच्या मागचंही कळत होतं.

त्यानं आवडीनं खाल्लं होतं ते एकाच ठिकाणी, वॉर्डात. बाजूच्या खाटेवर राजुऱ्याचे रईसभाई होते, शिवणकाम करणारे. त्यांचाही जबडा गेलेला, फक्त दुसऱ्या बाजूचा. दोघांचं मिळून एक तोंड पूर्ण होतं, असं सिस्टर म्हणायच्या. दोघांचंही बोलणं कुणालाच कळत नसे, त्यामुळे त्यांचं एकमेकांशी फार जमलं. रईसभाईंची बायको जरीना, सिस्टरची पाठ फिरली की खाटेमागच्या बोर्डात केटली खुपसायची. त्यात पाकिटातल्या नूडल्स टाकायची, झाकण ठेवायची आणि निरागस चेहऱ्यानं खिडकीतून बाहेर बघत बसायची. एक दिवस तिनं त्यातला एक मग मनसारामच्या हातात दिला. त्यानं एक शेवई ओठाला लावली आणि ओढली. सुर्रकन आत गेली. मग त्यांची पैजच लागली. ज्याचा मग आधी रिकामा होईल त्यानं तो उलटा करून दाखवायचा. वॉर्डातली ज्यांना हसता येत होतं ती माणसं हसायची.

आहाराच्या मॅडमनी बघितलं आणि म्हणाल्या, यात पोषण काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, "खाली जातंय ना? जाऊ द्या."

सुटी मिळाली तेव्हा दोघांनी हातवारे करून ठरवलं: शेकाला बरोबरच यायचं.

म्हणून रंभाबाईनं प्रफुलला नूडल्सची पाकिटं आणायला लावली. पण केटलीत काय व्हायचं ते तिनं कधी डोकावून पाहिलं नव्हतं; तिनं पाहिला होता तो फक्त मग.

पहिल्यांदा तिनं भातासारख्या केल्या. झाडीपट्टीतल्या बाईला पाण्यात शिजणारं काहीही द्या, ती ते पसवतेच. चुलीवर गंजभर पाण्याला उकळी आणली, नूडल्स सोडल्या, शिजल्यावर झाकण आडवं धरून पाणी गाळलं आणि ती पेज मीठ घालून बाजूला ठेवली, नूडल्स ताटलीत वाढल्या. जी काय चव होती ती पेजेबरोबर गेली. मनसारामनं एक ओढून पाहिली.

"हा दोरा हाय," तो म्हणाला. "जाळं इनाच्या कामाचा."

"आत्याजी, पाकिटावर लिहून हाय तसं करा ना," प्रफुलची बायको रीता म्हणाली. तसं केलं. मसाला कच्च्या कातड्याला झोंबला. मनसाराम ओरडला नाही. ऑपरेशन झालेल्या बाजूच्या डोळ्यातून पाणी येत राहिलं, पण ते तसंही येतच असायचं.

मग रीतानं मोबाइल काढला. त्यात एक पोरगी, ग्रामपंचायतीच्या हॉलएवढ्या स्वयंपाकघरात उभी राहून, नूडल्समध्ये लोणी घालत होती, चीज किसत होती, तीन रंगांच्या मिरच्या परतत होती आणि वारंवार स्वतःच खूश होत होती. करंजटोल्यात चीज नव्हतं. रीतानं साय घातली, मटार घातले, गाजराचे चौकोनी तुकडे घातले, वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरून टाकला. दिसायला इतकं देखणं झालं की तिनं आधी फोटो काढला. गाजराचा तुकडा त्या दीड बोटाच्या फटीत अडकला. तो काढताना मनसारामपेक्षा रीताच जास्त रडली. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला; चव नाही असंसुद्धा म्हणाला नाही.

शेवटी रंभाबाईनं नूडल्स उखळात कांडल्या आणि अंडं फेटून त्यांचा घाटा केला. घाटा चांगला झाला होता. पण चमचा आत शिरेना. बाजूनं ओतला तर बाजूनंच परत आला. मनसारामनं वाटी सरकवली.

"मी काई लेकरू नोहो."

आणि भिंतीकडे वळला. दुसऱ्या दिवशी वळलेलाच राहिला.

प्रफुलनं त्याला गाडीवर बसवून मच्छिमार सोसायटीत नेलं आणि मासळीच्या काट्यावर उभं केलं. अडतीस. काट्यावरच्या माणसानं सवयीनं टोपलीचं वजन वजा करायला तोंड उघडलं आणि मिटलं.

मनसाराम घरी आल्यावर एवढंच म्हणाला, "रईस खाऊन राह्यला का?" हे तो रोज विचारायचा. रंभाबाई रोज "खात असन" म्हणायची. त्या दिवशी तिनं प्रफुलकडून फोन लावून घेतला आणि मागच्या आंगणात गेली.

"हां बाई, बोला," जरीनाचा आवाज आला. राजुऱ्यात हिंदी आणि मराठी एकाच गंजात शिजतात. "भाऊ कैसे हैं?"

"खातच नाईत वो बाई. म्या सगळं करून पाह्यलं. तुमी त्या केटलीत कसं करत होत्या, मले सांगा ना."

"पहले ये बताओ, तोडके डाले क्या?"

"हो. कांडून बी पाह्यल्या."

"वहीच. तोडायच्या नाही, बाई. चमचा आत जातो का त्यांच्या? नाही ना? फिर चमचे के वास्ते कायको पकाते? लंबी ठेवा. एक ओठाला लावली की बाकीच्या तिच्यामागून येतात." जरीना सावकाश सांगत होती, मध्ये थांबत होती. "पानी खूब खौलने दो. टाकल्या की आंच बंद, झाकण ठेवा. शिजवायच्या नाही, फुगू द्यायच्या. मसाला चिमूटभर, तो भी दूध में घोलके. और सादा पानी नको. मैं बकरे के पाये का पानी डालती थी, घरून आणून, चार बार छानके."

"आमच्याइथी पाये कुठचे?"

"मासे आहेत ना? मच्छी का पानी डालो. कपड्यातून गाळा. काटा एक भी नको, हां."

जरीनाच्या मागे बऱ्याच बायकांचा आवाज होता. कुणीतरी हळू सुरात काहीतरी वाचत होतं. घरात काही कार्यक्रम असावा असं रंभाबाईला वाटलं.

"आन भाई काय म्हनतात? आमचे रोज इचारतात."

तिकडचं वाचणं ऐकू येत राहिलं.

"गए ना, बाई," जरीना म्हणाली. "परसों. सुबह, फज्र के टाइम."

रंभाबाई आंगणात खाली बसली. तिला जे सुचलं ते बोलायला नको होतं. "आन तुमी मले नूडल सांगत बसल्या, बाई!"

"आपने पूछा ना." मग ती म्हणाली: "घर में तीन दिन चूल्हा नहीं जलाना. पडोस से खाना आता है, मुझसे खाया नहीं जाता. बोलून तरी काहीतरी शिजलं आज."

फोन बंद झाल्यावर रंभाबाई उठली. तिनं मरळ कापली, हळद-मीठ घालून उकळली आणि जुन्या धोतराच्या फडक्यातून पाणी गाळलं. एकदा, मग पुन्हा एकदा. मौतीची बातमी थांबू शकत होती; मरळीचं पाणी नासलं असतं.

सांगितलं होतं तसंच केलं. उकळत्या पाण्यात नूडल्सची चकती अख्खी सोडली, चूल विझवली, झाकण ठेवलं. तिला कळायला लागल्यापासून तिनं झाकण ठेवून काहीच न करता बसण्याचा स्वयंपाक केला नव्हता. झाकण उघडलं तर शेवया लांबच्या लांब, फुगलेल्या. ताटली पुढे ठेवली. मनसारामनं वास घेतला, एक टोक ओठाला लावलं आणि ओढलं. सुर्रर्र. तिच्यामागून दुसरी आली.

अर्ध्या ताटलीनंतर त्यानं मान वर केली. "रईस खाऊन राह्यला का?"

"जेवताना बोलू नये," रंभाबाई म्हणाली.

हे खोटं नव्हतं. ताटावर बसलेल्या माणसाला मौत सांगायची नाही, अशी करंजटोल्याची रीत होती. तो आचवेपर्यंत, म्हणजे हात धुऊन चूळ भरेपर्यंत, थांबायचं. एकदा एका लग्नात उपसरपंचांचे साडू गेल्याचा निरोप घेऊन माणूस आला, तेव्हा उपसरपंच पंगतीत होते. निरोप्याला बाजूला पाट मांडून दिला. उपसरपंच निवांत जेवणारे. ते आचवेपर्यंत निरोप्याचंही बुंदीसकट जेवण झालं, आणि मग दोघांनी मिळून रडायला सुरुवात केली.

आता मनसारामची गोष्ट अशी होती की एकेक शेवई ओढत त्याची सकाळची ताटली दुपारपर्यंत चालायची. तो लोट्याकडे हात न्यायला लागला की रंभाबाईच्या हातात पळी यायची. "अजून थोडं हाय गंजात. वाया जाईन." तो कुरकुरायचा आणि ओढायचा. तेवढ्यात दुपारची वेळ व्हायची. तिला खोटं बोलणं जमत नव्हतं, वाढणं जमत होतं. मरळ नसली तर झिंग्यांचं पाणी, ते नसलं तर कोंबडीचं. कधी वरून फेटलेलं अंडं गरम पाण्यातच फिरवायची, म्हणजे त्याचे धागे होऊन शेवयांना लटकायचे. ज्या माणसाला ती घासभर खायला विनवत होती, तो आता तिच्या भीतीमुळे दिवसभर जेवत होता. प्रफुलला तिनं सांगितलं होतं, रीताला सांगितलं होतं. दोघं गप्प होते. फक्त प्रफुल ठेल्यावर गप्प नव्हता. ठेल्यावर गप्प राहिलं तर लोक बसत नाहीत.

काटा चाळिसाच्या वर गेला. सोसायटीतल्या माणसानं प्रफुलच्या पाठीवर थाप मारली. शेकाची तारीख दोन दिवसांवर आली. रंभाबाईला हे कळत होतं की वॉर्डात गेल्यावर तो पहिल्यांदा बाजूची खाट बघेल. आणि हेही कळत होतं की शेक म्हणजे महिना-दीड महिना. त्याला तोवर खातच राहायचं आहे. रोज ती ठरवायची, आज आचवू द्यावं. आणि रोज पळी उचलायची.

त्या दुपारी गावातला सुकलू आला. तलावावरून सरळ आलेला, अर्धी चड्डी ओली, गालात खर्रा.

"अरे वा, मनसारामभाऊ! तोंडावर रौनक आली गा!"

"ते तोंड नोहोय, छाती हाय त्याइची," रंभाबाई म्हणाली. "बसा, सुकलूभाऊ."

"बसत नाई. जाळं टाकून आलो." सुकलू बसला. "म्हनलं, भेटून जाऊ. काल प्रफुलनं ठेल्यावर सांगतलं तवापासून मनाले लागलं गा माझ्या. तुमचा तो राजुऱ्याचा दोस्त—"

"सुकलूभाऊ!" रंभाबाईचा आवाज चढला. "ताटावर हायेत ते."

सुकलूला आयुष्यात कुणी थांबवू शकलं नव्हतं. तलावावरून हाकलायला आलेला वाघसुद्धा नाही, असं तो स्वतःच सांगायचा. पण तो थांबला. पुढचे शब्द त्यानं गिळले, त्यांच्याबरोबर खर्राही गिळला. उचक्या देतच तो उठला आणि निरोप न घेता निघून गेला.

मनसारामनं ताटलीकडे पाहिलं. चार-दोन शेवया राहिल्या होत्या. त्या त्यानं ओढल्या, घाई न करता. रंभाबाईनं पळी भरली तेव्हा त्यानं ताटलीवर हात आडवा धरला. पळीतलं थेंबभर पाणी त्याच्या बोटांवर पडलं.

"पुरे."

तो उठला, मोरीवर गेला. चूळ भरणं हे त्याला सोपं काम नव्हतं. गालाला तळवा लावून पाणी आत धरावं लागायचं, तरी गळायचं. त्यानं दोनदा भरली. हात धुतले. दुपट्ट्यानं पुसले. परत येऊन तिच्यासमोर बसला.

"आचवलो मी," तो म्हणाला. "सांग."

"रईसभाई गेले."

"कवा?"

"म्या पयल्यांदा लांब शेवया केल्या ना तुमाले, त्याच्या दोन दिवस पयले. जरीनाबाईनंच सांगतलं. शेवया बी तिनंच सांगतल्या."

मनसारामनं हातांकडे पाहिलं. कोळ्याचे हात, वर्षानुवर्षं जाळ्याच्या दोरीनं कापलेले. तो म्हणाला, "मंग एवढे दिस मी कोनासंगं पैज लावून खाऊन राह्यलो होतो?"

रंभाबाईनं पळी गंजात ठेवली. "माझ्यासंगं म्हना."

तो हसला का रडला ते सांगता येण्यासारखा त्याचा चेहरा आता राहिला नव्हता. भिंतीकडे मात्र वळला नाही. तो ओसरीत जाऊन पाळीकडे बघत बसला. संध्याकाळी त्यानं खाल्लं नाही. रंभाबाईनंही आग्रह केला नाही. दोस्त गेला तर एक वेळची चूल विझलेलीच बरी; तेवढा त्याचा हक्क होता. पण एका वेळेच्या दोन वेळा व्हायला काय लागतं, हेही तिला माहीत होतं. रीतानं दुसऱ्या दिवशीच्या एसटीसाठी पिशवी भरली.

सकाळी रंभाबाईनं पाणी गाळलं, उकळलं, चकती सोडली, झाकण ठेवलं. ती चुलीसमोर बसून राहिली. मनसाराम आत आला आणि पाट ओढून बसला.

"फोन लाव."

"कोनाले?"

"जरीनाबाईले."

"तुमचं बोलनं तिले फोनवर समजन का?"

"लाव तू."

रंभाबाईनं प्रफुलला हाक मारून फोन लावून घेतला. जरीना आता कुठे बाहेर जात नव्हती. नवरा गेल्यावरच्या इद्दतीत होती, घरातच असायची. पहिल्याच रिंगला तिनं उचलला. "आमच्या याइले बोलाचं हाय," रंभाबाई म्हणाली आणि फोन त्याच्या कानाला लावला.

मनसाराम बोलला. एक सबंध वाक्य. ते रंभाबाईलासुद्धा कळलं नाही.

"क्या, भाऊ? समझा नहीं मैं."

तो पुन्हा बोलला. लाळ हनुवटीवर आली. "भाऊ, आवाज कटतोय," जरीना म्हणाली; आवाज कटत नव्हता हे तिला माहीत असणार. तिसऱ्यांदा त्यानं प्रयत्न केला नाही. त्यानं फोन रंभाबाईच्या हातात दिला आणि तिचा हात धरून खाली आणला, ताटलीजवळ. इथं धर, असं खुणेनं सांगितलं. मग झाकण काढून स्वतःच्या हातानं ताटलीत वाढून घेतलं.

तो वाकला. एका शेवईचं टोक ओठाला लावलं आणि ओढलं. सुर्रर्र. तिच्यामागून दुसरी. आवाज मोठा होता, त्यानं मुद्दाम मोठा केला होता. प्रफुल दारात उभा होता तो तसाच उभा राहिला.

फोनमधून अगदी हळू आलं: "हां. हां, भाऊ."

रंभाबाईचा हात भरून आला, तरी तिनं तो हलवला नाही. जरीना बोलत नव्हती आणि फोन ठेवतही नव्हती. अर्ध्या ताटलीवर मनसाराम थांबला. त्याला दम लागला होता. त्यानं गालाला तळवा लावला आणि डोळे मिटले. घरात कुठलाच आवाज राहिला नाही.

"रुको मत, भाऊ," फोन म्हणाला.

तो पुन्हा वाकला.